उपकरणांवरील निर्जंतुक संरक्षक आवरणे: निवड, चढवणे, काढणे आणि त्यानंतरचे काम

सोनोग्राफीच्या प्रोबवर, म्हणजे शरीराला टेकवायच्या हातातल्या भागावर, निर्जंतुक आवरण चढवले की प्रोब निर्जंतुक झाला, असे मानून पुढचे काम सुरू करणारी माणसे अनुभवी कर्मचाऱ्यांतही भेटतात. प्रत्यक्षात निर्जंतुक असते ते फक्त आवरण, आणि तेही बाहेरच्या बाजूने व ते अखंड असेपर्यंतच. आतला प्रोब आवरण घालण्याआधी जेवढा स्वच्छ होता तेवढाच राहतो. कपडे घातले म्हणून आंघोळ झाली असे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच या लेखात आवरण चढवण्याच्या कृतीइतकीच जागा त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या कामांना दिली आहे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

हे आवरण दोन्ही दिशांनी काम करते, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. ते वस्तूवरील जंतूंपासून रुग्णाला वाचवते आणि रुग्णाच्या रक्तापासून किंवा स्रावांपासून वस्तूला वाचवते. पहिल्या कामासाठी ते निर्जंतुक असावे लागते, तर दुसऱ्यासाठी ते न गळणारे असणे पुरते. खरेदीच्या वेळी या दोन गरजांची गल्लत झाली की एकतर अनावश्यक खर्च होतो, नाहीतर जिथे निर्जंतुक आवरण हवे तिथे साधी प्लॅस्टिकची पिशवी वापरली जाते.

वस्तूंकडे एवढे लक्ष का द्यायचे, हा प्रश्न नवे कर्मचारी नेहमी विचारतात. उत्तर जंतूंच्या चिवटपणात आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू, त्यात औषधांना न जुमानणारा त्याचा प्रकारही आला, कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत टिकतो आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे बीजाणूही (त्याची कठीण कवचातली सुप्त अवस्था) ५ महिन्यांपर्यंत तग धरतात. कावीळ-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान ७ दिवस संसर्गक्षम राहतो. याचा अर्थ असा की काल संध्याकाळी वापरून तशीच ठेवलेली, वरवर कोरडी व स्वच्छ दिसणारी वस्तू आज सकाळी निर्धोक असेलच असे नाही.

आधी वस्तूचा वर्ग ठरवा

कोणत्या वस्तूला कोणते आवरण लागेल हे ठरवण्याची सर्वात उपयोगी पद्धत अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने घालून दिली आणि जगभरातील मार्गदर्शिका आजही तिच्याच आधाराने लिहिल्या जातात. वस्तू काय आहे यापेक्षा ती शरीराच्या कोणत्या भागाला लागते, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. जी वस्तू निर्जंतुक ऊतींत किंवा रक्तप्रवाहात शिरते ती अतिजोखमीची, जी श्लेष्मल त्वचेला (तोंड, योनिमार्ग अशा पोकळ्यांच्या आतल्या ओलसर अस्तराला) किंवा जखमेच्या त्वचेला लागते ती मध्यम जोखमीची, आणि जी केवळ अखंड त्वचेला लागते किंवा रुग्णाला लागतच नाही ती कमी जोखमीची. पहिल्या वर्गाला निर्जंतुकीकरण, दुसऱ्याला किमान उच्च पातळीचे जंतुनाशन (काही बीजाणू सोडून बाकी सर्व जंतू मारणारे) आणि तिसऱ्याला स्वच्छता व साधे जंतुनाशन लागते.

एकच प्रोब सकाळी पोटावर फिरवला तर कमी जोखमीचा, दुपारी योनिमार्गे वापरला तर मध्यम जोखमीचा आणि संध्याकाळी शिरेत सुई घालताना मार्गदर्शनासाठी धरला तर निर्जंतुक क्षेत्रातील वस्तू ठरतो. वर्ग कामानुसार बदलतो, म्हणून आवरणही कामानुसार बदलते.

आवरणामुळे वस्तूचा वर्ग खाली उतरतो का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कमी जोखमीच्या वस्तूंबाबत, म्हणजे दंतवैद्याच्या खुर्चीवरील दिव्याची मूठ, बटणे, कळफलक, मॉनिटरची कड यांच्याबाबत, उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. आवरण प्रत्येक रुग्णामागे बदलले आणि ते काढताना आतला पृष्ठभाग माखला नाही, तर दोन रुग्णांच्या मध्ये तो पृष्ठभाग जंतुनाशकाने पुसण्याची गरज राहत नाही आणि दिवसाअखेरीस एकदा पुसणे पुरते. मध्यम जोखमीच्या वस्तूंबाबत मात्र उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. शरीराच्या पोकळीत जाणारा प्रोब आवरणासह वापरला तरी त्याला प्रत्येक वापरानंतर उच्च पातळीचे जंतुनाशन द्यावेच लागते. दाताचा हँडपीस (दात कोरण्याचे हातात धरायचे उपकरण) तर उष्णतेने निर्जंतुक करता येतो, त्यामुळे त्याच्यावर आवरण चढवून वेळ वाचवण्याचा विचारच करू नये.

या नियमामागे कटू अनुभव आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००८ मध्ये काढलेल्या जंतुनाशनविषयक मार्गदर्शिकेत पूर्वीच्या काही पाहण्यांचे आकडे दिले आहेत. तीन पुरवठादारांची योनिमार्गे वापरायच्या प्रोबची आवरणे वापरापूर्वीच तपासली, तेव्हा छिद्रे असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ०, २५ आणि ६५ टक्के भरले. दुसऱ्या पाहणीत दोन पुरवठादारांच्या वापरून झालेल्या आवरणांत ते ७५ आणि ८१ टक्के होते. निरोध वापरून केलेल्या पाहण्यांत हेच प्रमाण ०.९ ते २ टक्के आढळले. हे आकडे जुने आहेत आणि दरम्यान उत्पादने सुधारली आहेत, परंतु त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे आवरणाआवरणात प्रचंड फरक असतो. दुसरी अशी की यांतली बहुसंख्य छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. निरोध कमी फाटतात हे खरे असले तरी ते निर्जंतुक नसतात आणि त्यांवर वंगण किंवा इतर द्रव्ये लावलेली असू शकतात, त्यामुळे निर्जंतुक कामासाठी ते चालत नाहीत.

निवड: पाकिटावर काय वाचावे

आवरणे मुख्यतः पॉलिइथिलीन, पॉलियुरेथेन, पॉलिआयसोप्रीन आणि लॅटेक्स यांची मिळतात. पॉलिइथिलीन स्वस्त आणि ताठ असते, म्हणून ते कॅमेऱ्याच्या तारा, सी-आर्म (शस्त्रक्रियेच्या वेळी क्ष-किरण चित्रे दाखवणारे सी-आकाराचे यंत्र), टेबले यांसाठी ठीक आहे. प्रोबच्या टोकाला घट्ट बसून सुरकुती न पडणारे आवरण हवे असेल, तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीन बरे. लॅटेक्स ताणायला उत्तम, पण लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णात आणि कर्मचाऱ्यात ते गंभीर प्रतिक्रिया घडवू शकते. शिवाय तेलयुक्त किंवा पेट्रोलियमयुक्त वंगण लागले की लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होते. ज्या विभागात रुग्णाची अ‍ॅलर्जी दर वेळी विचारली जाईल याची खात्री नाही, तिथे लॅटेक्स ठेवूच नये असे माझे मत आहे. त्यासाठी थोडा जास्त खर्च आला तरी तो सोसावा.

लांबीचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. सुई घालताना प्रोबच्या टोकापुरते आवरण घेतले की त्याची तार निर्जंतुक चादरीवर उघडी पडते आणि सगळी मेहनत वाया जाते. अशा कामासाठी आवरण प्रोबसह तारेचा मोठा भाग झाकेल इतके लांब हवे. बाजारात साधारण १२० ते १५० सेंटिमीटर लांबीची आवरणे याच हेतूने बनवलेली असतात. याउलट केवळ पोकळीत जाणाऱ्या प्रोबसाठी लहान आवरण चालते, पण ते मुठीपर्यंत पोहोचते का हे पाहावे. मूठ उघडी राहते, तिला माखलेले हातमोजे लागतात आणि साफसफाईच्या वेळी सगळ्यांची नजर टोकाकडेच असते.

पाकिटावरील चिन्हे वाचायला प्रत्येकाला शिकवावे. चौकटीत स्टराइल (निर्जंतुक) असा इंग्रजी शब्द आणि त्याच्या शेजारी पद्धतीचे चिन्ह असते: ईओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू, आर म्हणजे किरणोत्सार, आणि तापमापकाचे चित्र म्हणजे वाफ किंवा कोरडी उष्णता. किरणोत्साराने निर्जंतुकीकरण करताना २५ किलोग्रे ही मात्रा दीर्घकाळ प्रचलित आहे. दोनचा आकडा गोलात घालून त्यावर तिरपी रेघ मारली असेल तर वस्तू एकदाच वापरायची असते. वाळूच्या घड्याळाचे चित्र वापराची शेवटची तारीख सांगते. फाटलेल्या खोक्याच्या चिन्हाचा अर्थ पाकीट खराब असल्यास वापरू नये, असा आहे. निर्जंतुक या शब्दामागे ठरलेले परिमाण आहे: प्रक्रियेनंतर एखाद्या वस्तूवर जिवंत सूक्ष्मजंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एक किंवा त्याहून कमी असणे. पाकिटावरील रंग बदललेली पट्टी फक्त ते पाकीट प्रक्रियेतून गेल्याचे सांगते. आतले आवरण निर्जंतुक असल्याचा तो पुरावा नव्हे, हे अनुभवी मंडळीही विसरतात.

एकदा वापरायचे आवरण धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह अनेक ठिकाणी असतो. पातळ पटल धुताना ताणले जाते, घड्यांवर झिजते, आणि पुन्हा निर्जंतुक केल्यावर त्याला सूक्ष्म छिद्रे पडली की नाही हे तपासण्याची सोय बहुतेक जागी नसते. कापडी चादरी, धातूच्या मुठी, सिलिकॉनच्या टोप्या अशा मुळातच पुनर्वापरासाठी बनवलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. शस्त्रक्रियेच्या दिव्याची मूठ काढता येण्यासारखी असेल, तर आवरणाऐवजी वाफेने निर्जंतुक केलेली मूठ बसवणेच अधिक भरवशाचे ठरते.

साठवण

निर्जंतुकपणा नुसत्या तारखेवर अवलंबून नसून पाकिटावर काय काय प्रसंग आले यावरही ठरतो. ओले झालेले, चुरगळलेले, रबर लावून बांधलेले किंवा जमिनीवर पडून फाटलेले पाकीट तारीख शिल्लक असली तरी बाद समजावे. कपाट जमिनीपासून सुमारे २० ते २५ सेंटिमीटर वर, छतापासून किंवा अग्निशामक फवाऱ्यापासून सुमारे ४५ सेंटिमीटर खाली आणि बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंटिमीटर दूर असावे. बेसिनखाली निर्जंतुक साहित्य कधीही ठेवू नये. नवी पाकिटे मागे आणि जुनी पुढे ठेवावीत, कारण जुन्या पातळ आवरणांचे थर एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना नेमके घडीवर फाटतात.

प्रोबवर आवरण चढवण्याची कृती

हे काम दोघांचे आहे. एकाचे हात निर्जंतुक असतात, म्हणजे त्याने हात शस्त्रक्रियेसाठी धुऊन निर्जंतुक झगा व हातमोजे घातलेले असतात. दुसरा मदतनीस असतो. एकट्याने करायची वेळ आल्यास प्रोब स्टँडवर टोक वर करून अडकवावा, पण शक्यतो ती वेळ येऊ देऊ नये.

पहिली पायरी प्रोबच्या स्वच्छतेची आहे. मागच्या वापराचे जेल पूर्ण पुसलेले, प्रोब साबणाच्या द्रावणाने स्वच्छ केलेला, त्याच्या वर्गानुसार जंतुनाशन झालेला आणि पूर्ण कोरडा असावा. वाळलेल्या जेलखाली जंतुनाशक पोहोचतच नाही, म्हणून स्वच्छता नेहमी जंतुनाशनाच्या आधी करावी. २० अंश सेल्सिअसला ०.५५ टक्के ऑर्थोफ्थॅल्डिहाइडमध्ये १२ मिनिटे किंवा २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटे ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तरीही उत्पादनाच्या पत्रकावरील वेळ व तापमान आणि प्रोबच्या उत्पादकाने मान्य केलेली रसायने हेच अंतिम मानावे, कारण चुकीच्या द्रावणाने प्रोबच्या टोकावरचे रबर तडकते. त्या तडकलेल्या फटीत जंतू घर करतात आणि कोणतेही आवरण त्यावर उपाय ठरत नाही.

त्यानंतर पाकीट उघडायचे. मदतनिसाने हात स्वच्छ करून पाकिटाच्या दोन्ही कडा धराव्यात आणि सोलल्यासारख्या हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवाव्यात. कागदातून अंगठा खुपसून पाकीट फोडू नये, कारण कागदाचे तंतू उडतात आणि आतली वस्तू फाटक्या कडेवर घासते. निर्जंतुक हातांच्या व्यक्तीने आतले आवरण कडेला स्पर्श न होऊ देता सरळ वर उचलावे. निर्जंतुक टेबलावर वस्तू दुरून झटकून टाकण्याची सवय अनेकांना असते. तसे करताना मदतनिसाचा हात टेबलावरून जातो आणि कधी कधी वस्तू पलीकडे जमिनीवरही पडते. कापडात किंवा कागदात गुंडाळलेले गाठोडे असेल तर पहिली घडी आपल्यापासून दूर, मग बाजूच्या दोन्ही आणि शेवटी आपल्याकडची घडी उघडावी, म्हणजे उघड्या निर्जंतुक वस्तूवरून हात न्यावा लागत नाही.

आता जेलची पाळी येते. ध्वनिलहरी हवेतून जवळपास पूर्णपणे परावर्तित होतात, त्यामुळे प्रोब आणि आवरण यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पडद्यावर काळा पट्टा दिसतो. म्हणून आवरणाच्या आत टोकाशी जेल घालायचे आणि बाहेर रुग्णाच्या त्वचेवरही लावायचे. बाहेरचे जेल निर्जंतुकच हवे यावर फारसा वाद होत नाही. आतलेही निर्जंतुकच असावे, असे मी आग्रहाने सांगतो, कारण आवरणाला छिद्र पडले तर आतले जेलच रुग्णापर्यंत पोहोचते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका उत्पादकाचे सोनोग्राफी जेल बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातील जिवाणूंनी दूषित असल्यामुळे वापरू नये, असा इशारा दिला होता. हे जिवाणू जेलसारख्या ओलसर माध्यमात सहज टिकतात आणि अशक्त रुग्णांत रक्तापर्यंत पोहोचतात. निर्जंतुक जेलची पुडी एकदा उघडली की ती त्याच रुग्णासाठी वापरून उरलेले टाकून द्यावे. मोठ्या बाटलीतून लहान बाटली पुन्हा पुन्हा भरणे हा प्रकार तर पूर्ण बंद करावा.

चढवण्याची मुख्य हालचाल अशी असते. निर्जंतुक व्यक्ती आवरणाचे तोंड दोन्ही हातांवर उलटे दुमडून बाहीसारखे धरते, म्हणजे बोटे बाहेरून दुमडलेल्या कडेखाली सुरक्षित राहतात. मदतनीस प्रोब तारेने धरून टोक खाली करून आत सोडतो. निर्जंतुक व्यक्ती आवरणातून प्रोब पकडते, मदतनीस तारेचा हात मोकळा करतो आणि दुमडलेली कड धरून आवरण तारेवर मागे, स्वतःकडे ओढतो. इथून पुढे ती कड अनिर्जंतुक झाली असे समजावे. या हालचालीत एक क्षण असा येतो की मदतनिसाचा उघडा हात आवरणाच्या बाहेरच्या पृष्ठभागाला लागण्याच्या बेतात असतो. तिथे घाई केली तर स्पर्श होतोच, म्हणून नवशिक्यांकडून हा भाग दहा वेळा कोरडा सराव म्हणून करून घ्यावा.

आवरण बसल्यावर टोकावरची सुरकुती बोटाने बाजूला सारावी, बुडबुडे मागे ढकलावेत आणि निर्जंतुक रबरी पट्टी टोकाच्या मागे अडकवावी. पट्टी इतकी घट्ट नसावी की आवरण तिच्या कडेवर कापले जाईल. यानंतर उजेडात आवरण एकदा फिरवून पाहावे. चीर, ओलावा किंवा शिवण सुटल्याचे दिसल्यास डागडुजी न करता दुसरे आवरण घ्यावे.

इतर उपकरणे: फरक कुठे पडतो

दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेतील कॅमेऱ्याचे आवरण घडीघडीचे असते आणि ते तारेवर उलगडत मागे न्यायचे असते. मदतनिसाने कॅमेऱ्याचे डोके आत घातल्यावर निर्जंतुक व्यक्ती टोक धरून ठेवते आणि मदतनीस खुणेच्या पट्ट्या ओढून आवरण मागे नेतो. आत ओलावा राहिला तर शस्त्रक्रियेच्या मध्यात चित्र धुरकट होते, म्हणून कॅमेऱ्याचे डोके पूर्ण कोरडे हवे. प्रकाशवाहक तारेच्या टोकाबाबत वेगळी दक्षता लागते: दिवा चालू असताना ते टोक चादरीवर किंवा प्लॅस्टिकवर टेकवून ठेवले तर ते पेट घेण्याइतके तापते. काम थांबले की दिवा मंद करावा किंवा स्टँडबायवर ठेवावा.

शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाचे संतुलन आवरण घालण्याआधी साधावे, कारण नंतर हात उघड्या भागाला लावता येत नाही. आवरण वरून खाली नव्हे, तर भिंगाच्या बाजूने मागे ओढत नेतात, आणि भिंगासमोरचे पारदर्शक झाकण शेवटी बसवतात. नेत्रभिंगांच्या आसपासचा भाग डोक्याला व टोपीला लागत असतो, त्यामुळे तो निर्जंतुक समजू नये.

सी-आर्मबाबतची गफलत सर्वात सामान्य आहे. निर्जंतुक क्षेत्र टेबलाच्या पातळीपर्यंतच मानले जाते. यंत्र आडव्या चित्रासाठी फिरवले की टेबलाखालून आलेला क्ष-किरण नळीचा भाग वर येतो, आणि त्याच्यावर आवरण असले तरी तो खाली कुठे कुठे घासून आलेला असतो. अशा वेळी नवी निर्जंतुक चादर टेबलाच्या बाजूला क्लिपने लावून मध्ये पडदा करावा, नाहीतर त्या भागापासून अंतर ठेवावे. निर्जंतुक चादरीच्या कडेचा सुमारे अडीच सेंटिमीटरचा पट्टाही निर्जंतुक मानत नाहीत. या पट्ट्याचा विसर पडला की उपकरणे नेमकी तिथेच ठेवली जातात.

दातांच्या क्ष-किरण सेन्सरला उष्णता सोसत नाही, त्यामुळे त्यावर आवरण घालावेच लागते. पण आवरण काढल्यानंतर सेन्सर उत्पादकाने मान्य केलेल्या द्रावणाने प्रत्येक रुग्णामागे जंतुमुक्त करावा लागतो. खोलीतील टॅबलेट किंवा फोन निर्जंतुक क्षेत्रात न्यायचा असेल तर निर्जंतुक पारदर्शक पिशवी लागते. घट्ट बांधलेल्या पिशवीत उपकरण तापते, म्हणून ते जास्त वेळ चालू ठेवू नये.

वापर चालू असताना

झाकलेली वस्तू डोळ्यांपुढेच राहावी. पाठीमागे किंवा कमरेखाली लोंबकळलेली वस्तू निर्जंतुक मानत नाहीत. सुईचे टोक आवरणाला लागले, आवरण ओले होऊन पलीकडून द्रव झिरपला, किंवा कुणाचा उघडा हात लागला की ते तत्काळ बदलावे. ज्याला हे दिसले त्याने बोलून दाखवायचे, मग समोर कितीही वरिष्ठ व्यक्ती असो, असा संकेत चमूत आधीच ठरलेला असावा.

काढणे आणि त्यानंतरचे काम

काढताना घाईघाईने ओढले की आवरणाचा बाहेरचा माखलेला भाग स्वच्छ प्रोबवर घासतो. योग्य पद्धत अशी की वापरलेल्या हातमोज्यांनीच आवरण तारेकडील बाजूने पकडून उलटे करत टोकाकडे सरकवायचे, म्हणजे माखलेली बाजू आत गुंडाळली जाते. प्रोब स्वच्छ कापडावर ठेवावा, हातमोजे काढावेत, हात स्वच्छ करावेत आणि मग नवे हातमोजे घालून सफाई सुरू करावी. माखलेल्या हातमोज्यांनी प्रोब धरून सोनोग्राफी यंत्राचा कळफलक दाबणे ही या सगळ्यात मला सर्वाधिक वेळा दिसलेली चूक आहे.

शिकवण्यासाठी एक साधी युक्ती सांगतो. सरावाच्या आवरणाच्या बाहेरच्या बाजूला अतिनील दिव्यात चमकणारी पूड किंवा रंगीत जेल लावा आणि शिकाऱ्याला ते काढायला सांगा. नंतर दिवा लावला की प्रोबच्या मुठीवर, तारेवर, मनगटावर आणि कळफलकावर ठिपके दिसतात. दहा मिनिटांच्या या खेळाने जे कळते ते लांबलचक व्याख्यानानेही पटत नाही.

काढलेले आवरण कचऱ्यात टाकण्यापूर्वी उजेडात पाहावे. त्यात पाणी भरून दाबूनही बघता येते, पण चाचणीत पाणी गळले नाही म्हणून सफाई सोडू नये. आवरण अखंड दिसो वा फाटके, प्रोबचा वर्ग ठरवल्याप्रमाणेच त्याचे काम व्हावे. जेल पुसणे, मुठीसह व तारेसह सफाई, जंतुनाशन, धुणे, वाळवणे आणि झाकून ठेवणे, हा क्रम बदलू नये. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची लागण असलेल्या रुग्णानंतर साधा अल्कोहोलचा पुसा चालत नाही, कारण बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. तिथे उपकरणाला चालेल असे क्लोरीनयुक्त किंवा बीजाणुनाशक द्रावण लागते, आणि हात साबण-पाण्याने धुवावे लागतात.

आवरण फाटलेले आढळले तर

वापर चालू असताना फाटल्याचे कळले, तर काम थांबवून प्रोब बाजूला ठेवावा. रुग्णाच्या ऊतींशी संबंध आला होता का, आणि आला असेल तर किती वेळ, हे त्याच क्षणी लिहून ठेवावे, कारण नंतर आठवणी बदलतात. मध्यम जोखमीच्या वस्तूवर आधी योग्य जंतुनाशन झालेले असेल तर रुग्णाला होणारा धोका बराच कमी असतो. ते झाले की नाही याचा पुरावा जंतुनाशनाच्या नोंदवहीतूनच मिळतो. नोंदीत प्रोबचा क्रमांक, तारीख व वेळ, द्रावणाची तपासणी करणाऱ्या पट्टीचा निकाल आणि काम करणाऱ्याची सही असावी. फाटलेले आवरण, त्याचे पाकीट आणि त्यावरील लॉट क्रमांक टाकून न देता वेगळ्या बंद पिशवीत ठेवावा. त्याच लॉटची उरलेली पाकिटे वापरातून काढून बाजूला करावीत आणि संसर्गनियंत्रण विभागाला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे एकाच लॉटमधून दुसरी चूक होण्याआधी पुरवठादाराकडे तक्रार पोहोचते.